शब्दचर्चा : ‘स्तरित खडक’ म्हणावे की ‘गाळाचे खडक’?

प्रश्न : खडकांच्या तीन मुख्य प्रकारांपैकी एकाला काही पुस्तकांत ‘स्तरित खडक’, तर काहींत ‘गाळाचे खडक’ म्हटलेले आढळते. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरता येतील का? तसेच खनिज, खडक आणि दगड यांत नेमका फरक कसा करावा?

प्रतिसाद १ : दुसरा प्रश्न आधी घेतो. खनिज म्हणजे ठरावीक रासायनिक संघटन आणि स्फटिकरचना असलेला नैसर्गिक पदार्थ. खडक हा अशा एका किंवा अनेक खनिजांचा समुच्चय असतो. ग्रॅनाइटात क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि बहुधा अभ्रक एकत्र असतात, तर शुद्ध चुनखडक जवळजवळ एकट्या कॅल्साइटाचा असतो. ‘दगड’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द असून खडकापासून सुटलेल्या तुकड्यासाठी तो योग्यच आहे. वर्गीकरणाच्या लिखाणात मात्र तो टाळलेला बरा. (‘पाटीचा दगड’ हे नाव इतके रुळले आहे की ते बदलण्याचे कारण नाही.)

‘स्तरित’ हा शब्द मला घोटाळ्याचा वाटतो, कारण वर्गीकरण उत्पत्तीवरून केलेले आहे आणि हा शब्द दिसण्यावरून पडला आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचले, तर तेही स्तरित दिसतात, पण ते अग्निजन्य, म्हणजे तप्त शिलारस थिजून झालेले, खडक होत. पट्टिताश्मात फिकट आणि गडद पट्टे आलटून पालटून येतात. ते उष्णता आणि दाबामुळे झालेल्या रूपांतरात घडलेले असतात, म्हणून तो रूपांतरित खडक ठरतो. उलट, प्रवाळांच्या सांगाड्यांपासून जागच्या जागी वाढलेल्या चुनखडकात पुष्कळदा थर दिसतच नाहीत. म्हणून ‘गाळाचे खडक’ हेच नाव मी वापरतो.

प्रतिसाद २ : मत मान्य आहे, पण ‘गाळ’ या शब्दालाही मर्यादा आहे. सैंधव किंवा जिप्सम खाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन मागे उरते. वाहत आलेला गाळ तेथे नसतो, तरीही त्यांचा समावेश याच प्रकारात होतो. हा अर्थविस्तार एकदा स्पष्ट सांगावा आणि मग ‘गाळाचे’ हाच सुबोध शब्द ठेवावा. ‘अवसादी’ हा पर्याय शास्त्रीय लेखात चालेल, पण नवशिक्या वाचकाला तो काहीच सांगत नाही.

प्रतिसाद ३ : नावांचा खरा गोंधळ व्यापारी वापरात आहे. घासून चकाकी येणाऱ्या कोणत्याही कठीण दगडाला बाजारात ‘ग्रॅनाइट’ म्हणतात. ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. हे दोन्ही अग्निजन्यच, पण त्यांत सिलिका कमी आणि लोह-मॅग्नेशियमयुक्त खनिजे अधिक असतात. त्याचप्रमाणे चकाकी घेणारा साधा चुनखडकही ‘संगमरवर’ म्हणून खपतो. भूविज्ञानात मात्र ते नाव रूपांतर होऊन कॅल्साइटाचे स्फटिक नव्याने घडलेल्या खडकालाच दिले जाते.

म्हणून नाव देण्यापूर्वी रंगावर विसंबू नये; ताजा तुटलेला पृष्ठभाग भिंगातून पाहावा. पांढरा क्वार्ट्झाइट (मुख्यतः क्वार्ट्झचा रूपांतरित खडक) आणि पांढरा संगमरवर लांबून सारखेच वाटतात. खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या काठिण्यश्रेणीत कॅल्साइट ३ वर आणि क्वार्ट्झ ७ वर आहे. पोलादी चाकूचे काठिण्य या दोहोंच्या मधले असल्याने चाकूने संगमरवरावर ओरखडा उठतो, क्वार्ट्झाइटावर उठत नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यास कॅल्साइटाचा संगमरवर फसफसतो आणि क्वार्ट्झाइट तसाच राहतो. डोलोमाइट हे कॅल्साइटासारखेच, पण मॅग्नेशियमयुक्त कार्बोनेट खनिज मात्र थंड सौम्य आम्लाला जेमतेम दाद देतो. त्याची पूड केली की बुडबुडे नीट दिसतात.

वालुकाश्म आणि त्यापासून घडलेला क्वार्ट्झाइट यांतला फरक तर तुटलेल्या कडेवरच वाचता येतो. वालुकाश्मात भेग वाळूच्या कणांना वळसा घालून जाते, त्यामुळे पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो. क्वार्ट्झाइटात कण एकमेकांत घट्ट गुंफलेले असल्याने भेग त्यांना चिरत आरपार जाते आणि कड गुळगुळीत, काचेसारखी चमकते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. यापुढे ‘गाळाचे खडक’ असेच लिहीन आणि ‘स्तरित’ हे विशेषण, थर प्रत्यक्ष दिसत असतील तेव्हा, कोणत्याही प्रकारच्या खडकाच्या वर्णनासाठी राखून ठेवीन.