डोळा एकच बाहेर जातो, मग शस्त्रक्रिया दोन्ही डोळ्यांवर का?

जुळे सोलापूरची आई

नमस्कार. माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत काढलेल्या फोटोत तिचा डावा डोळा कानाच्या बाजूला गेलेला दिसला, तेव्हा फोटो हलला असेल असे समजून आम्ही तो विषय सोडून दिला. मार्चपासून उन्हात पाऊल टाकले की ती डावा डोळा मिटून घेऊ लागली; पण सोलापूरच्या उन्हात डोळे कोण मिटत नाही, म्हणून तेही मनावर घेतले नाही. आता मात्र ती दमली, तिला ताप आला किंवा गॅलरीतून लांब कुठेतरी पाहत राहिली, की तो डोळा बाहेर सरकतो. मी हाक मारली की ती पापण्या एकदा मिटते, उघडते आणि डोळा जागेवर आलेला असतो. चित्र रंगवताना किंवा पोह्यांतले शेंगदाणे वेचताना तो सरळच असतो.

येथील एका डॉक्टरांनी तपासून डोळ्यांच्या स्नायूंची शस्त्रक्रिया सुचवली आणि तीही दोन्ही डोळ्यांवर. बाहेर रुग्णांची रांग होती, त्यामुळे पाच मिनिटांत सगळे सांगून झाले आणि तारीख कोणती देऊ, एवढेच विचारले गेले. तिचा उजवा डोळा हललेला मी एकदाही पाहिलेला नाही. मग चांगल्या डोळ्याला हात का लावायचा? सासूबाई म्हणतात की तिरळी मुलगी भाग्याची असते आणि वय वाढले की डोळा आपोआप सरळ होतो. हे म्हणतात की आधी व्यायाम करून पाहू. शेजारच्या काकूंनी तर डोळा बाहेर काढून पुन्हा बसवतात असे सांगितल्यापासून मला झोप लागत नाही. आणखी थांबलो तर तिची नजर जाईल का, हीही भीती आहे. ज्यांनी यातून मूल नेले आहे किंवा ज्यांना या शास्त्राची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अशोक चौकातील एक वडील

ताई, माझ्या मुलाची हीच शस्त्रक्रिया तो सात वर्षांचा असताना पुण्यात झाली. डोळा बाहेर काढत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. बुबुळाच्या बाजूच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा थोडा उघडतात, त्याखालचा स्नायू सोडवून मागे शिवतात आणि पडदा पुन्हा बंद करतात. बुबुळाला, नेत्रमण्याला किंवा डोळ्याच्या आत मागे असलेल्या नजरेच्या पडद्याला हात लागत नाही. टाके विरघळणारे असतात, ते काढावे लागत नाहीत.

आम्हाला खरा त्रास झाला तो उपाशी ठेवण्याचा. जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल, असे सांगितले होते. आदल्या दिवशी हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन आम्ही नातेवाइकांकडे उतरलो आणि पहाटे त्याला झोपेतून थेट रुग्णालयात नेले. भुलीतून बाहेर आल्यावर त्याला दोनदा उलटी झाली. डोळ्यांच्या स्नायूंच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना बरेचदा असे होते, हे आधी सांगितले असते तर मी इतका घाबरलो नसतो. उशीवर गुलाबी अश्रूंचे डाग पडले होते. डोळे लालभडक होते आणि ती लाली जायला तीन आठवडे लागले. चौथ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, ‘बाबा, तुम्ही दोन दिसता,’ आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला. फोन केल्यावर कळले की बाहेर जाणाऱ्या डोळ्याची दुरुस्ती मुद्दामच थोडी जास्त केली जाते, कारण पुढे डोळा काहीसा परत बाहेर सरकतो. आठ दिवसांत दोन दिसणे थांबले. आज तीन वर्षे झाली. खूप ताप आला की डोळा किंचित बाहेर जातो, एरवी सरळ असतो.

नेत्रविभागातील एक कर्मचारी

मी तिरळेपणाच्या मुलांचे मोजमाप करण्याचे काम करते. तपासल्याशिवाय आपल्या मुलीबद्दल निर्णय देणे योग्य नाही, पण दोन्ही डोळ्यांचे कोडे उलगडून सांगता येईल.

प्रत्येक डोळ्याला हालचालीसाठी सहा स्नायू असतात. दोन्ही डोळे मेंदूच्या एकाच हुकमाने, बैलजोडीसारखे एकत्र चालतात. जोडी फाकत असेल तर दोष एकट्या डाव्या बैलाचा नसतो. ज्या डोळ्याने मूल पाहायचे ठरवते तो सरळ राहतो आणि दुसरा बाहेर गेलेला दिसतो. तिचा डावा डोळा सरळ ठेवून उजवा झाकला, तर झाकलेला उजवा डोळा हाताआड बाहेर गेलेला असेल. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना हे करून दाखवायला सांगा, म्हणजे शंका तिथेच मिटेल. दोष जोडीचा असतो, म्हणून दुरुस्ती दोन डोळ्यांत वाटून घेतात. डोळा बाहेर ओढणारा स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण ७ मिलिमीटर मागे चिकटलेला असतो. तिरळेपणा २५ प्रिझम डायॉप्टर (डोळा किती वळतो ते मोजण्याचे एकक) असेल, तर दोन्ही बाजूंचा हा स्नायू प्रत्येकी ६ मिलिमीटरच्या आसपास मागे शिवतात, म्हणजे त्याची ओढ सैल होते. दुसरी पद्धत एकाच डोळ्यावरची आहे : बाहेरचा स्नायू मागे न्यायचा आणि नाकाकडचा थोडा आखूड करायचा.

कोणती पद्धत चांगली, याचा अमेरिकेतील बालनेत्ररोगांवर संशोधन करणाऱ्या पीडिग या गटाने ३ ते १० वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनंतर निकाल असमाधानकारक ठरण्याचे प्रमाण दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत ४६ टक्के आणि एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेत ३७ टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस ठरला नाही. त्यांचे निकष कडक होते, तरीही पालकांनी हे आकडे ऐकूनच संमती द्यावी असे मला मनापासून वाटते. ‘एकदा केले की संपले’ असे या आजारात कोणी म्हणू नये.

त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात शस्त्रक्रिया न करता नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांपैकी तीन वर्षांत सुमारे १५ टक्के मुलांचा तिरळेपणा निकषांनुसार बिघडला. म्हणजे डोळा कधीमधी बाहेर जात असेल आणि खोली, म्हणजे कोणती वस्तू किती जवळ वा लांब आहे हे, समजण्याची शक्ती शाबूत असेल, तर घाई नाही. ही शक्ती आम्ही माशीच्या चित्राने तपासतो. खास चष्मा घातल्यावर माशी कागदातून वर आलेली दिसते आणि मुलाला तिचे पंख चिमटीत धरायला सांगतो. ज्याचे दोन्ही डोळे एकत्र काम करतात ते मूल कागदाच्या वर, हवेत चिमूट करते. ज्याचे करत नाहीत ते कागदावर बोट टेकवते. तुमच्या मुलीची चिमूट कुठे होते, हे जरूर विचारा. चिमूट हवेतून कागदावर येऊ लागली, डोळा दिवसातला निम्मा वेळ बाहेर राहू लागला किंवा जवळचे पाहतानाही सुटू लागला, तर मी थांबायला सांगणार नाही.

व्यायामाबद्दल आपल्या यजमानांना सांगा की पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम जवळचे पाहताना डोळे आत वळत नसतील तेव्हा उपयोगी पडतो. आपण लिहिले आहे ते मुख्यतः लांबचे पाहतानाचे सुटणे आहे. लांबचा नंबर असेल तर चष्मा आधी द्यायचा, कारण अंधुक दिसले की डोळे एकत्र राहणे कठीण जाते. नंबर नसताना मुद्दाम जास्त उणे नंबर देण्याची पद्धतही आहे. पण २०२१ च्या अभ्यासात तिचा फायदा चष्मा सुरू असेपर्यंतच दिसला आणि मुलांचा उणे नंबर वाढल्याचे आढळले. नजर जाण्याची भीती या प्रकारात कमी असते, कारण उरलेल्या वेळात दोन्ही डोळे वापरले जातात. मात्र डोळा अचानक कायमचा वळला किंवा बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

नई जिंदगी भागातील शिक्षिका

सासूबाईंच्या बोलण्याबद्दल लिहावेसे वाटते, कारण मला लहानपणी हेच ऐकवले गेले. मी भाग्याची म्हणून माझी तपासणी कधी झालीच नाही आणि माझ्या शाळेत मुली माझ्याशी बोलताना ‘तू कोणाकडे बघतेस?’ असे विचारायच्या. मी फळ्याकडे पाहताना मान खाली घालायला शिकले. चोविसाव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. डोळे सरळ झाले, पण खोली नीट समजण्याची शक्ती आली नाही. आजही सुईत दोरा ओवताना मी तीनदा चुकते. सासूबाईंचा अपमान करू नका, त्यांना तपासणीला सोबत घेऊन जा आणि माशीचे चित्र त्यांच्यासमोर दाखवायला सांगा.

जुळे सोलापूरची आई

सर्वांचे आभार. काल रात्री मी मुलीला समोर बसवले, तिचा डावा डोळा सरळ असताना उजव्यावर तळहात धरला आणि बोटांच्या फटीतून पाहिले. उजवा डोळा खरोखरच बाहेर गेलेला होता. इतके दिवस मी एकाच डोळ्याला दोष देत होते.

आजपासून वहीत रोज लिहिणार आहोत : सकाळी, शाळेतून आल्यावर आणि झोपताना डोळा किती वेळा सुटला. शस्त्रक्रियेची तारीख घेतलेली नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे थेंब टाकून नंबर आणि प्रिझमचे माप घेणार आहोत. सासूबाई यायला तयार झाल्या आहेत. शेवटी एक विचारायचे आहे : आमचे उत्पन्न यंत्रमागावरचे आहे. पुढे शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर खर्चाची सोय कुठे पाहावी?

नेत्रविभागातील एक कर्मचारी

सिव्हिलमध्ये गेल्यावर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा आणि शिधापत्रिका सोबत न्या. मुलगी शासकीय किंवा अनुदानित शाळेत असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तिथे तपासणीला येते. मुख्याध्यापकांना तारीख विचारून तिचे नाव आधीच लिहून द्या, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. आणि ती वही तपासणीला जाताना विसरू नका. आमच्यासमोर बसलेले मूल सावध असते, डोळा सरळ धरून ठेवते. संध्याकाळी सात वाजता घरात काय होते ते आम्हाला फक्त तुमच्याकडूनच कळते.