शब्दचर्चा : 'सुप्त दोष' की 'मुका बिघाड'?

विचारणा

देखभालीवरची एक पुस्तिका मराठीत करते आहे. 'हिडन फेल्युअर'साठी मी 'सुप्त दोष' लिहिलं आणि 'फेल्युअर फाइंडिंग इंटरव्हल'साठी, म्हणजे असा दोष शोधायला दर किती दिवसांनी पाहायचं त्यासाठी, 'दोषशोधन वारंवारता'. कच्चा खर्डा एका फिटरला वाचायला दिला. त्याने विचारलं, "मॅडम, सुप्त म्हणजे दोष अजून व्हायचाय का?" मला उत्तर देता आलं नाही. संदर्भ संरक्षक यंत्रणांचा आहे: सेफ्टी व्हॉल्व्ह, आगीचा पंप, टाकी काठोकाठ भरली की पुरवठा तोडणारा स्विच. वर्षानुवर्षं नुसती उभी असणारी उपकरणं. याहून बरे शब्द सुचतात का?

प्रतिसाद १

फिटरने वर्मावर बोट ठेवलं आहे. सुप्त गुण, सुप्त ज्वालामुखी, सुप्तावस्थेतलं बीज, सगळीकडे 'सुप्त' म्हणजे अजून जागं व्हायचं आहे असं. इथे नेमकं उलट असतं. बिघाड होऊन गेलेला असतो, कुणाला कळलेला नसतो एवढंच. रोज चालणारा पंप बिघडला तर पाणी थांबतं आणि पाच मिनिटांत आरडाओरडा होतो. आगीचा पंप मात्र बंद असतानाच बिघडतो. चांगला बंद पंप आणि बिघडलेला बंद पंप दिसायला एकसारखेच.

मराठीत यासाठी तयार जोड आहे: मुका मार. वळ नाही, रक्त नाही, पण आत लागलेलं असतं, आणि दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्याच धर्तीवर 'मुका बिघाड' म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

'दोष'ही मी काढून टाकेन. दोष वस्तूच्या घडणीत असतो, बिघाड धडधाकट वस्तूत नंतर होतो.

प्रतिसाद २

'मुका बिघाड' कानाला पटतो. कार्यालयीन कागदात बोलीतला वाटला तर 'अप्रकट बिघाड' करा, पण 'गुप्त' नको, त्यात कुणीतरी मुद्दाम लपवल्याचा वास येतो.

लपलेला, पण कुणापासून, हेही व्याख्येत यायला हवं. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी जो अहवाल लिहिला, त्यात कसोटी हीच आहे: नेहमीचं काम करणाऱ्या माणसांना नेहमीचं काम करता करता बिघाड कळतो की नाही. उघडून पाहणाऱ्या तंत्रज्ञाला कळेल, हा मुद्दा तिथे गैरलागू.

आणि 'तपासणी' व 'चाचणी' अदलाबदलीने वापरू नका. तपासणीत आपण वस्तू पाहतो, चाचणीत तिला काम करायला लावतो. सेफ्टी व्हॉल्व्हवर गंज नाही, सील शाबूत आहे, ही तपासणी. ठरल्या दाबाला तो उघडला, ही चाचणी. मुका बिघाड सापडतो तो बहुतेक चाचणीतच.

विचारणा करणारीकडून

मुका बिघाड घेतला. तपासणीच्या जागी चाचणी केली. आता 'वारंवारता'चं काय? आणि पुस्तिकेत सरसकट 'वर्षातून एकदा' आहे, ते कशावरून ठरतं हे मला दोन वाक्यांत सांगायचं आहे.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याकडून

वारंवारता म्हणजे किती वेळा. तुम्हाला सांगायचं आहे किती दिवसांनी. म्हणून 'चाचणीचं अंतर'. दोन वाक्यांत बसणार नाही, पण शब्द नीट धरले तर हिशेब त्यांच्यातूनच निघतो.

समजा एक व्हॉल्व्ह सरासरी २० वर्षांतून एकदा बिघडतो आणि त्याची चाचणी दर वर्षी होते. या वेळी तो बिघडलेला सापडला. बिघाड कधी झाला? मागच्या चाचणीच्या दुसऱ्या दिवशी झाला असेल, नाहीतर कालच. सरासरीने निम्मं अंतर, म्हणजे सहा महिने तो मुका होता. २० वर्षांत सहा महिने, म्हणजे अडीच टक्के काळ व्हॉल्व्ह जागेवर आहे पण कामाला नाही. याला 'अनुपलब्धता' म्हणतात. मी 'गैरहजेरी' म्हणतो, ते कुणालाही लगेच कळतं.

आता उलटं करा. अंतर = २ × चालण्याजोगी गैरहजेरी × दोन बिघाडांमधला सरासरी काळ. एकच टक्का गैरहजेरी चालणार असेल तर २ × ०.०१ × २० = ०.४ वर्ष, जेमतेम पाच महिने. बिघाड कधीही होऊ शकतो, आणि अंतर त्या सरासरी काळाच्या मानाने लहान आहे, अशा ठिकाणी हे सूत्र लागू पडतं.

किती गैरहजेरी चालेल हे यंत्र ठरवत नाही, प्रसंग ठरवतो. (उपकरणाची खरोखर गरज पडते त्या वेळेला इंग्रजीत 'डिमांड' म्हणतात. त्याला 'मागणी' लिहू नका, 'प्रसंग' लिहा. प्रसंग ओढवतो, मागणी ओढवत नाही.) दाब हाताबाहेर जाण्याचा प्रसंग १० वर्षांतून एकदा येत असेल आणि गैरहजेरी अडीच टक्के असेल, तर दोन्ही एकत्र गाठ पडण्याची सरासरी ४०० वर्षांतून एकदा. ते पुरेसं आहे का, हे त्या वेळी शेजारी किती माणसं उभी असतील यावर. सरसकट 'वर्षातून एकदा' लिहिताना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

ते २० वर्षं आणायचे कुठून? स्वतःच्या नोंदींतून. ३० व्हॉल्व्ह, ४ वर्षं, चाचणीत सापडलेले बिघाड ६. ३० × ४ = १२० वर्षं, भागिले ६ = २०. पण नोंद खरी हवी. चाचणीआधी प्रेमाने साफसफाई करून, तेलपाणी देऊन मग चाचणी घेतली की सगळे पास होतात आणि आकडा खोटा पडतो. आधी चाचणी, मग हात लावायचा.

प्रतिसाद ३

एक माझ्याकडून. मी ज्या कारखान्यात होतो तिथे जिन्यातल्या इमर्जन्सी दिव्यांची चाचणी दर महिन्याला व्हायची. बटण दाबायचं, दिवा लागतो, वहीत बरोबरची खूण. सगळ्या खुणा माझ्या हातच्या. मग एका रात्री वीज गेली आणि चार मिनिटांत तिसऱ्या मजल्यापासून खाली अंधार. दिवे लागत होते, बॅटऱ्या टिकत नव्हत्या. पूर्ण वेळ जळू देऊन कधी पाहिलंच नव्हतं. अंधारात कठडा चाचपत उतरणारी माणसं मला अजून दिसतात. कृपया पुस्तिकेत लिहा की अपुऱ्या चाचणीचं अंतर कितीही कमी केलं तरी चाचणी न झालेला भाग मुकाच राहतो. अर्थ लीकेज ब्रेकरचं, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, बटणही तसंच: आतली यंत्रणा पुरवठा तोडते हे ते दाखवतं, अर्थिंगची तार जोडलेली आहे की नाही हे दाखवत नाही.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याकडून

खूप महत्त्वाचं. याच्या पुढचा धोका म्हणजे चाचणीनेच मुका केलेला स्विच. ११ डिसेंबर २००५ला इंग्लंडमधल्या बन्सफिल्ड इंधन डेपोत पेट्रोलची टाकी भरून वाहिली आणि स्फोट झाला. पातळी मोजणारं गेज अडकलं होतं, आणि शेवटचा आधार असलेला स्वतंत्र स्विच काम करेना. त्या स्विचला चाचणीसाठी एक लिव्हर होता आणि लिव्हर योग्य जागी राहावा म्हणून कुलूप लावायचं असे. ते लावलेलं नव्हतं, त्यामुळे चाचणीनंतर स्विच निकामीच राहिला. म्हणून 'चाचणी'च्या व्याख्येत 'उपकरण पुन्हा कामावर रुजू करणे' हे शब्द घालाच.

विचारणा करणारीकडून

घातले. शेवटची शंका: फ्यूज आणि जादा दाबाला फुटणारी चकती यांच्यासमोर काय लिहू?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याकडून

त्यांची चाचणी घेतली की ती संपतात, त्यामुळे 'चाचणीचं अंतर' हा रकानाच तिथे रिकामा ठेवा. त्यांच्यासमोर 'बदलण्याची मुदत' लिहा.