मदत हवी आहे: नव्या डेस्क फोनसाठी गमतीदार सूचना

नमस्कार मंडळी, ऑफिसात टेबलावर नवे आयपी फोन (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून चालणारे) आलेत आणि सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलंय. कोरड्या सूचना कुणी वाचत नाही, म्हणून हसवणाऱ्या हव्यात. 'केबल उपटू नका, फोनचा जीव तिच्यातच आहे' हे जमलं, कारण या फोनना वीजही नेटवर्क केबलमधूनच मिळते.

अडलंय ते होल्ड आणि म्यूटवर. म्यूटमध्ये फक्त आपला आवाज बंद होतो, समोरच्याचं ऐकू येतं. होल्डवर दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही. आमच्याकडे लोक नेमकी उलटी बटणं दाबतात आणि पलीकडचा बिचारा ताटकळतो. याचं फार वाईट वाटतं.

हा फरक चटकन लक्षात राहील अशी एखादी ओळ सुचवाल का? ज्येष्ठ सहकाऱ्यांना टोचणारी मात्र नको. सोमवारी कागद चिकटवायचाय.