व्हकेरो रिव्हॉल्व्हरचा घोडा चढवायला जड जातोय, स्प्रिंग बदलू का?

अंगठेबहाद्दर
नमस्कार मंडळी. मी फीनिक्सला असते, दीड वर्षापासून काउबॉय ॲक्शन शूटिंगला जाते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जुन्या वेस्टर्न काळातले कपडे घालायचे, एक टोपणनाव घ्यायचं (माझं कोल्हापुरी किड, हसू नका) आणि दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची रायफल न एक शॉटगन घेऊन लोखंडी पाट्या उडवायच्या, टायमर लावून. सिंगल ॲक्शन म्हणजे चाप ओढला की घोडा (मागचा हॅमर, जो गोळीच्या बुडावर आपटतो तो) नुसता पडतो, चढवायचा आपण, दर गोळीला, अंगठ्याने. एका स्टेजला (मॅचच्या एका फेरीला) साधारण १० गोळ्या रिव्हॉल्व्हरच्या, ६ स्टेज झाल्या की ६० वेळा घोडा चढवला, आणि घरची प्रॅक्टिस वेगळीच.

माझ्याकडे रुगर न्यू व्हकेरोची जोडी आहे, ३५७ मॅग्नमची, पण मारते त्यात ३८ स्पेशलच (त्यातच बसणारी हलकी गोळी). चौथ्या स्टेजपासून अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो आणि घोडा अर्ध्यातच निसटतो. एकाने सांगितलं मेनस्प्रिंगचे (घोड्याला जोर देते ती) दोन वेढे कापून टाक, फुकटात काम होतंय. दुसरा म्हणाला ट्रिगरच्या स्प्रिंगचा एक पाय खुंटीवरून काढून ठेव. बाजारात १७, १८, १९ पौंडाच्या स्प्रिंगा मिळतात, कंपनीची २३ ची असते म्हणे. कुठली घेऊ? फेब्रुवारीत इथल्या बेन एव्हरी शूटिंग रेंजवर विंटर रेंज नावाची मोठी मॅच आहे, त्याआधी उरकायचंय.

तात्या_टेक्सास
ताई, आधी दोन गोष्टींची गल्लत होतेय ती सोडवू. ट्रिगरच्या स्प्रिंगचा एक पाय खुंटीवरून उतरवला की चाप हलका होतो, फुकटातला जुगाड आहे आणि चालतोही, पण तुमचा अंगठा दुखतोय घोडा चढवताना, त्याला या पायाचा काडीचा उपयोग नाही. तिथे मेनस्प्रिंगच लागते.

वेढे कापायच्या भानगडीत पडू नका. किती कापले की किती हलकं होईल याचा अंदाज लागत नाही, आणि एक जास्त कापला गेला की तो परत चिकटवता येत नाही. वुल्फ कंपनीची तयार हलकी स्प्रिंग डोसा खायच्या पैशात येते.

बदलायला सोपी आहे. गोळ्या काढा, सिलिंडर बाहेर काढून ठेवा, मग परत एकदा बघा गोळी नाही ना. दस्त्याच्या लाकडी पट्ट्या काढल्या की स्प्रिंग आणि तिच्या मधली सळई दिसते. घोडा पूर्ण चढवा, सळईच्या खालच्या टोकाला बारीक भोक आहे त्यात पेपर क्लिप घाला, घोडा हळूच खाली सोडा. स्प्रिंग सळईवर दाबलेलीच राहते, उडून सोफ्याखाली जात नाही (माझी गेली होती, बायकोला व्हॅक्युम करताना सापडली). सळई बाहेर आली की तिच्या कडेवरून नख फिरवा, खरखर लागेल. बारीक पॉलिशपेपरने तेवढी खरखर काढा. बऱ्याचदा काही जडपणा स्प्रिंग तिथे घासते त्याचाच असतो.

घोडा आणि चाप जिथे एकमेकांना अडकतात त्या खाचेला मात्र हात लावू नका, दगड नको, कानस नको. आमच्या क्लबात एकाने घरीच घासली, चढवलेला घोडा मागून नुसता अंगठ्याने रेटला तर खाली आला. नशीब गोळी नव्हती.

खाटखूट
तात्यांना +१. पण १७ वर उडी मारू नका. हलक्या स्प्रिंगचा घोडा हलका आपटतो आणि प्रायमर (गोळीच्या बुडाची टिकली, मार बसला की पेटते ती) पेटला नाही की झालं, न फुटलेली गोळी म्हणजे चुकलेली पाटी, ५ सेकंद दंड. अंगठा सुखावला म्हणून तुम्ही अख्ख्या स्टेजला जेमतेम सेकंदभर वाचवाल, एका फुसक्या बाराने सगळं पाण्यात. बाकी सिलिंडर पूर्ण फिरवून परत त्याच गोळीवर येता येतं, मध्ये रिकामं घर लागतं तेही चढवायचं, पण टायमर चालू असताना ते गणित डोक्यात बसत नाही, मी दोनदा वाट लावलीये.

तुम्ही स्वतः गोळ्या भरता का, म्हणजे रिकाम्या खोक्यांत (काडतुसाच्या कवचांत) प्रायमर-पावडर घालून घरी बनवता का? भरत असाल तर फेडरलचे प्रायमर घ्या, सगळ्यात लवकर पेटतात, सीसीआय कंपनीचे जरा कडक. आणि प्रायमर तळाला टेकेपर्यंत बसवा. वर राहिला तर घोड्याचा पहिला मार त्याला आत ढकलण्यातच जातो, दुसऱ्या माराला फुटतो, आणि आपण मात्र स्प्रिंगला शिव्या घालतो.

टेस्टिंगसाठी एक आयडिया, नुसते प्रायमर लावलेले रिकामे खोके घेऊन रेंजवर उडवा, पावडरही वाचते.

तात्या_टेक्सास
@खाटखूट, रिव्हॉल्व्हरमध्ये ते नको हो. पावडर नसली की खोका मागे दाबला जात नाही, प्रायमर मात्र थोडा मागे सरकून बाहेर येतो आणि मागच्या लोखंडाला घासून सिलिंडर अडकतं. मग ताई म्हणतील घोडा आधीपेक्षा जड झाला. मॅचला मारता तीच गोळी मारून बघा, प्रत्येक रिव्हॉल्व्हरमधून निदान ५० तरी.

नेमबाज_सातारा
तुमचं वाचून मजा वाटली. आमच्या १० मीटर एअर पिस्टलला चाप निदान ५०० ग्रॅमचा लागतो, २५ मीटरला १००० ग्रॅम, मॅचआधी वजन लटकवून तपासतात. तुमच्याकडे असं काही नाही का? आणि इकडे भारतात लायसन्स असलेल्या आर्मररशिवाय (बंदूक दुरुस्तीवाल्याशिवाय) आत हात घालायची सोय नाही हां, उगाच कोणी घरी ट्राय करू नका.

तात्या_टेक्सास
@नेमबाज, इथे वजनाबिजनाचा काटा कोणी लावत नाही. तपासतात ते लोडिंग टेबलावर, सहातल्या पाचच भरल्यात ना आणि घोडा रिकाम्या घरावर आहे ना. न्यू व्हकेरोत ट्रान्सफर बार आहे (चाप ओढल्याशिवाय घोड्याचा मार गोळीपर्यंत पोचू न देणारी पट्टी), सहा भरल्या तरी पडून उडायची नाही, पण नियम सगळ्यांना पाचचाच, कारण जुन्या १८७३ च्या कोल्टच्या नमुन्यात तो बार नसतो.

ताई, एक विचारायचं राहिलं, तुम्ही एका हाताने मारता की दोन?

अंगठेबहाद्दर
एका. फोटो छान येतो 🙈

तात्या_टेक्सास
घ्या! मग अर्धा रोग तिथेच आहे. उजव्या हाताने नुसतं धरा न चाप ओढा, घोडा डाव्या अंगठ्याने चढवा. पकड सुटत नाही, नळी पाटीवरून हलत नाही, दुखरा अंगठा मोकळा. घरी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर रोज १० मिनिटं करा, आणि बोंडाने नाही, अंगठ्याच्या मधल्या पेराने ओढा.

अंगठेबहाद्दर
तीन आठवड्यांनी अपडेट. दोन्हीत आधी १७ टाकली, फार गोड वाटली. ५०-५० मारल्या, एकीत सगळ्या फुटल्या, दुसरीत ३ नाही फुटल्या. तिघींच्या प्रायमरवर उथळ खळगा, शेजारच्या फुटलेल्या खोक्यावर खोल. प्रायमर नीट बसलेले होते, बोट फिरवून बघितलं. मग दोन्हीत १८ घातली, परत ५०-५०, सगळ्या फुटल्या.

नवऱ्याचं म्हणणं सळई घासल्यावर जुन्या स्प्रिंगनेच बराच फरक पडला होता, मला उगाच पैसे घालवायचे होते. असेल. पण डाव्या अंगठ्याने मारायला लागल्यापासून सहाव्या स्टेजलाही हात शाबूत असतो. फोटो मात्र पहिल्यासारखे येत नाहीत.