तापमान एकच, मग रेणूंचा वेग वेगळा कसा?

प्रश्न:
अकरावीला आहे. तापमान म्हणजे रेणूंच्या हालचालीची ऊर्जा, जितकं गरम तितके रेणू जोरात पळणार, इथपर्यंत पटलं. पण २७ अंश सेल्सिअसला ऑक्सिजनचे रेणू सेकंदाला साधारण ४८० मीटरने पळतात आणि हायड्रोजनचे १९०० च्या वर. दोन्ही एकाच बाटलीत भरले तर तापमान एकच ना? मग हायड्रोजन चौपट पळतोय तरी जास्त गरम का नाही?? दोन दिवस डोक्यात हेच फिरतंय.

प्रतिसाद १:
वेग आणि ऊर्जा यात गल्लत होतेय. गतिज ऊर्जेत वस्तुमान पण येतं, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ऑक्सिजनचा रेणू १६ पट जड, वेग पाव, पावचा वर्ग म्हणजे सोळावा हिस्सा, गुणून बघ, ऊर्जा सारखीच येते. सरासरी ऊर्जा म्हणजे दीड गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक (सगळ्या वायूंना एकच असलेला ठरलेला आकडा) गुणिले केल्विनमधलं तापमान (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवले की येतं ते), त्यात रेणू कुठला हे विचारलेलंच नाही.

प्रतिसाद २:
सूत्र बरोबर, पण ती सारखी का होते ते जास्त महत्त्वाचंय. समज सुरुवातीला दोघांचा वेग सारखा आहे. म्हणजे जड रेणूकडे ऊर्जा जास्त. आता टकरा सुरू झाल्या की एखाद्या टकरीत हलका पण हरेल, पण सरासरीने जड रेणू ऊर्जा गमावतो आणि हलका ती घेऊन सुसाट सुटतो, आणि प्रत्येक रेणूच्या सेकंदाला अब्जावधी टकरा होतात त्यामुळे हिशोब लगेच बरोबरीत येतो. ही बरोबरी झाली की तापमान एक झालं असं आपण म्हणतो. आणि हो, एकट्या रेणूला तापमान नसतं, ती गर्दीची सरासरी आहे.

प्रश्नकर्ता:
आत्ता कळलं!! टकरांचं कुणी सांगितलंच नव्हतं. मग २० अंशाची हवा ४० अंश केली की ऊर्जा दुप्पट ना?

प्रतिसाद १:
नाही रे, केल्विनमध्ये बघ. २९३ चे ३१३ झाले, म्हणजे ऊर्जा जेमतेम ७ टक्के वाढली, आणि वेग तर वर्गमुळात जातो म्हणून साडेतीन टक्क्यांच्या आतच. दुप्पट करायची तर ५८६ केल्विन, म्हणजे ३१३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागेल.

प्रतिसाद ३:
एक भर घालतो, बाटली धावत्या गाडीत ठेवली म्हणून आतला वायू गरम होत नाही. सगळे रेणू मिळून एका दिशेला जातात ती गती तापमानात धरत नाहीत, फक्त आपापसातली सैरावैरा हालचाल धरायची. गाडीने करकचून ब्रेक मारला तर मात्र रेणू पुढच्या भिंतीवर आपटून विखुरतात, ती एका दिशेची गती सैरावैरा होते आणि तापमान किंचित का होईना वाढतं.