‘कागद’चा ‘तादद’ आता वहीतही उतरतोय

मुक्ताची_आई: मुलगी पावणेसहा वर्षांची, पहिलीत आहे. बडबड भरपूर, पण ‘क’ला ‘त’ आणि ‘ग’ला ‘द’ म्हणते. लिहितानाही ‘कागद’चं ‘तादद’ होतं. शाळेने रोज पानभर पाहून लिहायला सांगितलंय. त्याने सुटेल?

वाचा_उपचार: नाही सुटणार. पाहून लिहिताना आवाज आठवावाच लागत नाही. मनाने लिहिताना मात्र मुलं शब्द पुटपुटतात आणि आपल्या तोंडून जे निघतं तेच उतरवतात.

आधी कान तपासा. कार आणि तार, दोन चित्रं समोर ठेवा. ओठांपुढे कागद धरून दोन्ही शब्द उलटसुलट क्रमाने दहादा म्हणा, तिने बोट ठेवायचं. नऊ-दहा बरोबर आली तर फरक ऐकू येतोय, अडचण जिभेची आहे. पाच-सहाच आली तर तो अंदाज समजा. श्रवणचाचणी तशीही कराच. वरचेवर सर्दी होत असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं. मूल हाकेला ओ देतं, पण बारीक फरक निसटतात.

‘क’चा ‘त’ बहुतेक मुलांचा चौथ्या वर्षापर्यंत जातो, तेव्हा आता थांबू नका, स्पीच थेरपिस्टला दाखवा. ‘त’ला जिभेचं टोक वरच्या दातांना लागतं, ‘क’ला मागचा भाग वर उचलतो. म्हणून टोक खालच्या दातांमागे ठेवून ‘अक’, ‘ऊक’ म्हणवून घ्या. उताणं झोपून काहींना सोपं जातं. मग ‘नाक’, ‘चाक’, आणि ‘काका’ सर्वांत शेवटी. रोज पाच मिनिटं पुरे. ‘चुकलं, परत म्हण’ नको. कार हवी असताना तिने ‘तार दे’ म्हटलं की तारेचंच चित्र द्या. फरक तिचा तिलाच जाणवेल.

पहिलीचा_वर्ग: यात एक भर. तेच दहा शब्द दोनदा लिहून घ्या: एकदा तुम्ही सांगून, एकदा नुसती चित्रं दाखवून. सांगून बरोबर आणि चित्रावरून चूक, म्हणजे ती स्वतःच्या उच्चारामागे जातेय. अशा वेळी प्रत्येक अक्षराला टाळी (का-ग-द), मग अक्षरांच्या चिठ्ठ्या लावणं, पेन्सिल त्यानंतर.

ऱ्हस्व-दीर्घ यात धरू नका. बोलताना मोठेही ते नीट पाळत नाहीत.

मुक्ताची_आई: ‘पुस्तक’चं ‘पुत्तत’ही होतं. तेही आत्ताच घ्यायचं?

वाचा_उपचार: नको. सुटा ‘क’ शब्दात पक्का बसू दे. जोडाक्षरं नंतर, ‘पुस्… तक’ असं मध्ये थांबून.