रोजचा बोगदा म्हणून निर्धास्त?

चौथा गिअर: बोगद्यात खरा धोका नवख्यांचाच. तोंडाशी येऊन करकचून ब्रेक मारतात, भिंतीला बिचकून मधल्या रेषेवर येतात. रोज जाणाऱ्याला सगळं पाठ असतं, बोर्डांकडे बघायचीही गरज नाही.

तिरपागडे: अर्धंच बरोबर. उन्हातून आत शिरल्यावर डोळे काही क्षण आंधळेच, आणि ताशी ८० ने सेकंदाला २२ मीटर जातात. शंभराव्या खेपेलाही डोळ्यांना तेवढाच वेळ लागतो. नवखा निदान वेग कमी करतो, पाठवाला तोही करत नाही. वर पुढच्या गाडीला चिकटून चालतो, कारण ‘इथं कधी काही होत नाही’. आणि तुम्हाला पाठ काय असतं? रस्ता. जवळचं आपत्कालीन दार पुढे की मागे, ते सांगा बरं.

चौथा गिअर: दारं मोजत गाडी चालवू का?

तिरपागडे: मोजायची नाहीत. भिंतीवर हिरव्या पाटीत पळणारा माणूस, दोन बाण, दोन आकडे: पुढचं दार किती मीटर, मागचं किती. युरोपच्या २००४ च्या नियमानुसार या पाट्या दर २५ मीटरच्या आत, तेही जमिनीपासून जेमतेम मीटर-दीड मीटरवर. धूर आधी छताला चिकटतो, मग खाली उतरतो, म्हणून. फ्रान्स-इटलीमधल्या मोंट ब्लांक बोगद्याच्या १९९९ च्या आगीत ३९ गेले, त्यातले बरेच गाडीतच.

खडूस वाचक: त्यातले रोजचे किती नि नवखे किती? माहीत नसेल तर त्यांना आपल्या भांडणात ओढू नका.

तिरपागडे: मान्य. पण तो बोगदा पुन्हा उघडल्यावर दोन गाड्यांत १५० मीटर अंतराचा नियम केला, तो सगळ्यांनाच. ‘रोजच्यांना सूट’ असं कुठं लिहिलेलं नाही.

खडूस वाचक: मुळात कोणी दिवे लावतं का, ते बघा! डॅशबोर्ड उजळला की लोकांना वाटतं हेडलाइट लागले. कित्येक गाड्यांत दिवसा आपोआप लागणारे दिवे फक्त पुढे असतात, मागे मिट्ट काळोख.

चौथा गिअर: अंधारात आपोआप दिवे लावणारा ऑटो मोड असतो हो.

खडूस वाचक: असतो, नॉब ऑटोवर असेल तर! धुवायला दिलेली गाडी परत येते ती नॉब शून्यावर घेऊन. शिवाय सेन्सरला अंधार कळेपर्यंत क्षण-दोन क्षण जातात, म्हणजे पुन्हा ते २२ मीटर. तोंडाच्या अलीकडेच हाताने लो बीम लावा. एक खटका आहे, यज्ञ नाही.

चौथा गिअर: आणि गॉगल? त्याचाही सेन्सर बिघडलाय का?

खडूस वाचक: तो काढायचा असतो. नंबरचा असेल तर साधा चष्मा हाताशी ठेवायचा. हेही शिकवावं लागतंय, आणि म्हणे सगळं पाठ!

तिरपागडे: दिव्यांवर पुराण नको. धूर दिसला तर कडेला थांबा, इंजिन बंद, किल्ली गाडीतच, चालत दाराकडे. भिंतीतल्या फोनवरून बोला, जागा कंट्रोल रूमला आपोआप कळते. मोबाइलवर ‘बोगद्यात आहे’ एवढंच सांगता येतं. यू-टर्न मारायचा नाही. ‘मला रस्ता माहीत आहे’ म्हणणाराच तो मारतो.

चौथा गिअर: बिनकिल्लीच्या गाडीत किल्ली कुठे सोडू महाराज? ती खिशातच असते.

तिरपागडे: सीटवर टाका. खिशातून घेऊन गेलात तर गाडी हलवायची कोणी?

चौथा गिअर: बरं, टाकतो सीटवर, लावतो लो बीम, वाचतो हिरव्या पाट्या. आता त्या नवख्यांनाही सांगा, मधली रेष सोडा म्हणावं!